आपलाच पैसा, पेव्हर ब्लॉकच्या खाली



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर या खेपेला कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि वीज यांच्या खाली चौथा विषय घेतला आहे : नगरपंचायती व छोट्या नगरपरिषदांना मिळणारे सरकारी अनुदान. तो वाचून काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, "हे मध्येच काय काढले? आपण शेतकरी. तालुक्याच्या गटारांशी आपले काय देणेघेणे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून बैठकीआधीच आमचे म्हणणे मांडतो. बैठकीत वेळ भाषणात न जाता निर्णयात जावा एवढाच हेतू.

तालुक्याचे गाव कोणाचे?

हिंगणघाट, वणी, खामगाव, कारंजा, सेलू, मानवत. ही गावे कापसाने वाढवली. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशात बाजार समित्यांचा जो पसारा पुढे उभा राहिला, त्याचा पाया या काळ्या मातीतल्या कापसावर घातला गेला. जिनिंग, प्रेसिंग, अडत, हमाली, कापडाची दुकाने, चहाच्या टपऱ्या हे सारे कापसाच्या गाडीमागे आले. आजही हंगाम बुडाला की तालुक्याच्या पेठेत दिवाळी होत नाही. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसला की सोनाराच्या दुकानात माशा आणि कापडवाल्याच्या गादीवर मांजर.

तेव्हा तालुक्याचे गाव तिथे घर असणाऱ्यांचे आहे, तसे आठवड्याला तिथे माल घेऊन जाणाऱ्यांचेही आहे. आपली मुले तिथल्या कॉलेजात जातात, बायाबापड्या तिथल्या दवाखान्यात जातात, आपण तिथल्या बाजारात दिवस काढतो. मतदार यादीत मात्र आपले नाव नाही. आणि ज्यांची शेती नगरपंचायतीच्या हद्दीतच आली आहे, त्यांचा प्रश्न तर त्याहून वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो.

अनुदान येते कुठून?

१९९२ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. पंचायती आणि नगरपालिका ही राज्यकारभाराची तिसरी पायरी म्हणून घटनेत बसल्या. पाठोपाठ १० व्या वित्त आयोगाने पहिल्यांदा या संस्थांसाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा काढला : पंचायतींसाठी १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येवर माणशी १०० रुपये, एकूण ४,३८१ कोटी, आणि साऱ्या देशातल्या नगरपालिकांसाठी १,००० कोटी. पुढे आकडे फुगत गेले. १४ व्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामपंचायतींना २ लाख कोटींच्या वर आणि नगरपालिकांना ८७ हजार कोटींच्या वर रक्कम ठरवली. १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी आणि शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी ठरवले.

आकडे मोठे असले की माणूस दबतो. म्हणून भागाकार करून पाहू. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी आणि शहरी सुमारे ३८ कोटी होती. त्या हिशेबाने खेड्यात माणशी वर्षाला साधारण ५७० रुपये आणि शहरात, मोठी महानगरे धरून, साधारण ६४० रुपये पडतात. पाच माणसांच्या कुटुंबामागे वर्षाला तीन हजारांच्या आसपास.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडा. पाच एकर कोरडवाहू, एकरी चार क्विंटल धरले तर वीस क्विंटल कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले, आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. समजा, घाईने पैसा लागणाऱ्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याला क्विंटलमागे हजार रुपये कमी घेऊन माल दिला. त्याचे वीस हजार गेले. म्हणजे सहा-सात वर्षांत त्याच्या कुटुंबाच्या नावावर जेवढे अनुदान गावाला येईल तेवढे एका हंगामात त्याच्या घरातून निघून गेले. वर रासायनिक कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी. कारखानदाराला भरलेला कर पुढे वळता करून घेता येतो. शेतकऱ्याला घेता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करावी. हे अनुदान म्हणजे कोणी केलेला दानधर्म नाही. उद्घाटनाच्या फलकावर ज्या पुढाऱ्याचा फोटो असतो त्याच्या सातबाऱ्यावरून ते आलेले नाही. ते आपल्याच खिशातून गेले, दिल्ली-मुंबईची वारी करून, वाटेत झिजून, तुकड्यांनी परत आले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही आपली घोषणा. घामाचे दाम मिळाले असते तर निम्मी कामे गावाने आपल्या बळावर केली असती. पण दाम मिळत नाहीत तोवर जो पैसा आपल्या नावावर येतो त्याचा हिशेब सोडून देणे हा काही स्वाभिमान नव्हे. तो निव्वळ गाफीलपणा ठरेल.

हात बांधून दिलेला पैसा

छोट्या नगरपरिषदेची स्थिती समजून घ्या. पूर्वी तिला जकातीचा आधार होता. जकात वाईटच होती. नाक्यावर गाडी अडवणारी, शेतमालाच्या भावात खोट घालणारी. ती गेली याचे आम्हाला दुःख नाही. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली आणि बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देऊ लागले. म्हणजे नाक्यावरचा कारकून गेला, पण नगरपरिषदेची मान मंत्रालयाच्या हातात गेली. पुढे २०१७ ला जीएसटी आला आणि स्वतःचा कर बसवण्याची उरलीसुरली वाटही आखडली. आज छोट्या गावाकडे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली आणि गाळ्यांची भाडी एवढेच आपले म्हणावे असे उत्पन्न आहे. बाकी सारे वरून.

वरून येणारा पैसाही मोकळा नाही. १५ व्या आयोगाने त्यातला ६० टक्के बांधून दिला : अर्धा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी, अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि पाणी साठवण्यासाठी. फक्त ४० टक्के गावाच्या मर्जीचा. पाणी आणि स्वच्छता ही कामे चुकीची नाहीत. पण कोणत्या गावाची कोणती नड मोठी, हे ठरवायचे दिल्लीत आणि खर्चाच्या पावत्या जोडायच्या तालुक्यात, हा उलटा कारभार आहे.

त्याहून कठीण अट शहरी संस्थांना घातली गेली. घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या सरासरी दराने वाढली पाहिजे, नाहीतर अनुदान नाही. ऐकायला गोड आहे. पण राज्याचे उत्पन्न वाढते कशाने? मुंबई-ठाणे-पुण्याच्या बँका, कारखाने आणि संगणकाच्या धंद्याने. ज्या साली तिकडे भरभराट असते त्याच साली इकडे पाऊस पंधरा-वीस दिवस ओढ देतो, बोंडे गळतात, भाव पडतो. पेठ थंड, गाळेवाल्याचे भाडे थकलेले, हद्दीतल्या शेतकऱ्याची घरपट्टी थकलेली. म्हणजे दुष्काळ पडला की वसुली घटते, वसुली घटली की अनुदान अडते, आणि अनुदान अडले की नेमक्या त्याच उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरला पैसा नसतो. कोरडवाहू मुलखाला 'इंडिया'च्या फूटपट्टीने मोजण्याचा हा प्रकार आहे. शरद जोशींनी इंडिया आणि भारत यांच्यामधली जी रेघ दाखवली, ती अशी अनुदानाच्या नियमांतूनही गेलेली आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. घरपट्टी वसूल झालीच पाहिजे. पण वाढीचे माप त्या तालुक्याच्या पीकपाण्यावर ठरावे, आणि दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी ही अट बाजूला ठेवावी.

गाव 'नगर' झाले आणि ग्रामसभा गेली

२०१४-१५ च्या सुमारास राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. पाटी बदलली, सरपंचाचा नगराध्यक्ष झाला, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आला. अशा गावांत घराघरातून शेती आहे. दावणीला बैल आहेत, परसात पऱ्हाटीचा ढीग आहे. तरी कागदावर ते नगर.

याचे परिणाम शेतकऱ्याने भोगले. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा ग्रामीण भागापुरता होता. नगरपंचायतीची हद्द त्यातून वगळलेली. त्या कायद्याखाली होणाऱ्या विहिरी, शेततळी, बांधबंदिस्ती या कामांत बांधापलीकडचा शेतकरी पात्र आणि अलीकडचा अपात्र. घरकुलाची यादी ग्रामीणमधून शहरीत गेली, आणि तिथे जागेच्या मालकीचा कागद मागितला. गावठाणात तीन पिढ्या राहिलेल्या माणसाकडे तो कागद कुठून असणार?

पण सर्वांत मोठी गोष्ट गेली ती ग्रामसभा. ग्रामपंचायतीचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. सभा कधी कागदावर होते, कधी कोरमअभावी तहकूब होते, हे खरे. तरी उठून विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. नगरपंचायतीत तो राहत नाही. सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक सभागृहात बसतील आणि ठराव करतील. घटनेत प्रभाग समित्यांची सक्ती आहे, पण ती तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. ज्या वीस हजारांच्या गावात सारे सर्वांना ओळखतात आणि जिथे अशी सभा सहज भरली असती, तिथेच ती सक्ती नाही.

मधल्या काळात तर नगरसेवकही नव्हते. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली आणि आरक्षणाच्या कोर्टकचेरीत निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. तोवर प्रशासकाने सभा भरवायची, प्रशासकानेच ठराव मांडायचा आणि त्यानेच मंजूर करायचा. दुसरीकडे निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचा हप्ता अडवायचा असा नियम. निवडणूक लांबली ती कोणामुळे? गावकऱ्यांमुळे नाही. पण हप्ता अडला तो गावाचा. जिल्हा नियोजन समितीचीही तीच गत. तिचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून यायला हवेत, असे घटना सांगते. खाली निवडून आलेले कोणी नसताना वर कोण बसणार? उरले पालकमंत्री आणि अधिकारी.

पैसा लागतो कशाला, लागायला हवा कशाला

कोणत्याही तालुक्याच्या गावात फिरा. चौकात हायमास्ट दिवा, वेशीवर स्वागत कमान, रस्त्याच्या कडेने पेव्हर ब्लॉक. दोन वर्षांनी तेच ब्लॉक उखडून पुन्हा नवे. अशी कामे का निघतात, याचे कारण साधे आहे. मोजायला सोपी, मार्चअखेर उरकायला सोपी, फीत कापायला दिसायला छान, आणि कोणाची तक्रार येण्यासारखे त्यात काही नाही. जमिनीखालची पाईपलाईन दिसत नाही, म्हणून तिचे उद्घाटन होत नाही.

आणि त्याच गावच्या आठवडी बाजारात सकाळपासून भाजी घेऊन बसलेल्या बाईला दिवसभर लघवीला जायला आडोसा नाही. ती सकाळपासून पाणी पीत नाही, कारण प्यायली तर जायचे कुठे? बैलबाजारात जनावराला प्यायला हौद नाही. पावसाची सर आली की ज्वारीचे पोते झाकायला छप्पर नाही. बाजार वसुलीची पावती मात्र दुकान मांडायच्या आत हातात. स्वच्छतेचा बांधलेला पैसा आहे, पाण्याचा बांधलेला पैसा आहे. मग बाजारतळावर बायकांसाठी पाण्याची सोय असलेली, रोज धुतली जाणारी स्वच्छतागृहे का नाहीत? नियम आड येत नाही. मागणारे कोणी नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून यावर आम्हाला थोडे जास्त बोलू द्या. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब घटत चालला आहे. शेणखत पुरत नाही, कारण जनावरे कमी झाली. पऱ्हाटी जाळली जाते. आणि तालुक्याचे गाव रोज ओला कचरा गावाबाहेर नेऊन पेटवते. वीस हजार वस्तीच्या गावात माणशी पाव किलो कचरा धरा; रोजचा पाच टन झाला. त्यातला निम्मा ओला धरा आणि त्याचे खत पाऊण टन धरा. वर्षाला पावणेतीनशे टन. हेक्टरी पाच टन टाकले तर दरसाल पन्नास-पंचावन्न हेक्टर जमिनीचे खत. साऱ्या तालुक्याचे भागणार नाही, पण आजूबाजूच्या दोन शिवारांना आधार होईल.

मात्र एक पथ्य. २०१६ च्या नियमांपासून ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक आहे. ते न करता सारा कचरा एकत्र कुजवून 'खत' म्हणून आपल्या माथी मारला तर त्यातून काच, प्लॅस्टिक आणि जुन्या बॅटरीचे विष शेतात येईल. असे खत फुकट दिले तरी घेऊ नका. आधी तपासणीचा अहवाल मागा, मग गाडी भरा. सांडपाण्याचेही तसेच. शहराची नाली ज्या ओढ्याला मिळते, त्याच्या काठचे शेतकरी या बैठकीला आवर्जून यावेत. स्वच्छतेचा पैसा ज्या गावाने घेतला, त्याने आपली घाण खालच्या शिवारात सोडायची, हा कोणता विकास?

मग करायचे काय?

काही मित्र म्हणतात, या भानगडीत पडू नये. अनुदान आले की ठेकेदार आला, ठेकेदार आला की आपला कार्यकर्ताही बिघडतो. भीती खोटी नाही. म्हणून एक बंधन आम्ही आधीच सुचवतो : संघटनेचा पदाधिकारी असताना कोणी नगरपंचायतीचा ठेका घेऊ नये, घरच्यांच्या नावानेही नाही. ज्याला ठेका घ्यायचा त्याने पद सोडावे. एवढे पाळले तर हिशेब विचारायला तोंड राहील.

जिल्हा बैठकीपुढे आमच्या सूचना अशा :

एक. प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात नगरपंचायतीकडे तीन वर्षांचा हिशेब मागावा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची. वित्त आयोगाचा हप्ता केव्हा आला, बांधलेला किती, मोकळा किती, कोणत्या कामावर गेला, एवढे विचारावे. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागावी. राज्याकडे आलेला हप्ता दहा दिवसांत पुढे द्यायचा, नाहीतर व्याजासकट द्यायचा, असा १५ व्या आयोगाचा दंडक होता. तो पाळला गेला का, हेही विचारावे.

दोन. निवडून आलेल्या नगरसेवकांना भेटून प्रभागसभेची मागणी करावी. कायद्याची सक्ती नसली तरी मनाईही नाही. वर्षाचा आराखडा ठरवण्याआधी प्रभागाची एक सभा आणि बाजारकऱ्यांची एक सभा. बाजारकऱ्यांची सभा बाजाराच्या दिवशी, बाजारतळावरच घ्यावी. तिथे बायकांना आधी बोलू द्यावे.

तीन. पहिली मागणी एकच ठेवावी : आठवडी बाजारात पाणी, स्वच्छतागृह, छप्पर आणि जनावरांचा हौद. दहा मागण्यांचे निवेदन दिले की दहाही फायलीत जातात.

चार. हद्दीतल्या ज्या शेतकऱ्यांच्या विहिरी, शेततळी, घरकुले 'शहरी' शिक्क्यामुळे अडली, त्यांची गावनिहाय यादी बैठकीत आणावी. सातबाऱ्यावर शेती असेल तर शेतीच्या योजनेला तो शेतकरीच, पाटी कसलीही असो, असा ठराव करून सरकारकडे पाठवू.

पाच. आपली घरपट्टी भरावी आणि पावती जपून ठेवावी. हे काहींना रुचणार नाही. पण कर थकवलेल्याने हिशेब मागितला की मुख्याधिकारी पहिल्यांदा त्याची थकबाकी काढतो आणि तिथेच बोलणे संपते. पावती असली की आवाज चढवता येतो.

भावाची लढाई याने संपत नाही. तिच्याआधी ही येत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. आयातशुल्क, हमीभाव, खरेदी केंद्रे यांवरचे ठराव पहिल्या सत्रात होतील. हा विषय दुसऱ्या सत्रात, जेवणानंतर. जेवणानंतर माणसे पांगतात असा अनुभव आहे. या वेळी पांगू नका. येताना आपल्या नगरपंचायतीची एखादी बाजार वसुलीची पावती बरोबर आणा. साऱ्या तालुक्यांच्या पावत्या एका टेबलावर मांडू, वर्षाची बेरीज करू आणि विचारू : एवढे घेतलेत, बाजारतळावर काय केलेत?